पुळणीवर येता, तसे गावातही या

प्रति,
शनिवार-रविवारी अलिबागला येणारी समस्त पाहुणे मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या येण्याबद्दल तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. पाहुण्यांवर इथली कितीतरी घरं चालतात. घोडागाडीवाला, खानावळवाली, रिक्षावाला, खोल्या भाड्याने देणारा, सगळ्यांचे डोळे शनिवार-रविवारकडे लागलेले असतात. तुम्ही आलात की गाव गजबजतं, आणि मला ते मनापासून आवडतं. पण लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तुम्ही अलिबागला येता, पण अलिबाग बघत नाही.

गेटवेहून सुटलेली लाँच मांडव्याला लागते, तिथून बस नाहीतर रिक्षा. गाडी सोबत हवी असेल तर 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. पुण्या-ठाण्याकडचे लोक वडखळची कोंडी सोसून कार्ले खिंड उतरतात. मग थळ, वरसोली, किहीम, आक्षी, नागाव, ज्याने त्याने आधी ठरवून ठेवलेलं ठिकाण. अलिबाग शहर वाटेत लागतं ते पेट्रोलपुरतं आणि औषधाच्या दुकानापुरतं. फार तर एस.टी. स्टँडवरून सरळ समुद्रावर, किल्ला मागे घेऊन फोटो, एक शहाळं, आणि परत गाडीत. स्टँड आणि समुद्र यांच्यामध्ये जे जुनं गाव आहे, त्याच्या आळ्यांत वळून बघणारा पाहुणा क्वचित दिसतो. आणि ते गाव पुळणीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

माझी विनंती एवढीच: पुढच्या खेपेला एक अख्खी सकाळ या गावाला द्या, आणि ती पायी द्या.

का द्यायची, ते सांगते. समुद्रातला कुलाबा किल्ला तुम्ही आवडीने बघता. पण किल्ला म्हणजे अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी किनाऱ्यावर आहे आणि तिच्यावरून तुमची गाडी जाते. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, या खडकावर किल्ल्याचं काम काढलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते तडीस गेलं. पुढे मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांनी इथे आपलं ठाणं केलं. आता विचार करा, भरतीला चहूबाजूंनी पाण्याने वेढल्या जाणाऱ्या एवढ्याशा खडकावर आरमाराची राजधानी चालवायची तर काय काय लागेल? तांदूळ लागेल, तेल लागेल, शिडाचं कापड लागेल, काथ्याचे दोर लागतील. सुतार, लोहार, कारकून, पुराणिक, सोनार, खलाशी, आणि या सगळ्यांची बायकामुलं. ती माणसं किल्ल्यात कशी मावणार? ती समोरच्या किनाऱ्यावर वसली, आपापल्या धंद्याच्या आणि जातीजमातीच्या आळ्या करून. तेच हे गाव. या आळ्यांतून फिरल्याशिवाय कुलाबा किल्ला कशाच्या जोरावर उभा राहिला ते कळत नाही.

किनाऱ्याच्या राखणीला 1720 मध्ये कान्होजींनी हिराकोट बांधला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. दोन दर्यावर्दी सत्तांनी मिळून जोर लावला तरी जे ठाणं पडलं नाही, त्याच्या पिछाडीला हा कोट आणि ही वस्ती होती. हिराकोटात आज जिल्हा कारागृह आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि जायचा हट्टही धरू नये. पण बाहेरून तटाचे काळे दगड बघा, एकेक धोंडा केवढा आहे ते बघा. जवळच तळं आहे, संध्याकाळी तिथे गावातली वयस्क मंडळी बसलेली असतात. त्यांच्याशेजारी जरा वेळ बसलात तर जे कानावर पडेल ते कुठल्याही माहितीफलकावर लिहिलेलं नसतं.

कान्होजींची समाधी गावाच्या वस्तीतच आहे. 4 जुलै 1729 रोजी ते गेले. ज्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, या किनाऱ्यावरून गलबत हाकारायची परक्यांना धास्ती वाटे, त्या सरखेलांची समाधी चहूबाजूंनी घरादुकानांनी वेढलेली आहे. त्याच आवारात आंग्रे घराण्यातल्या इतरांच्याही समाध्या आहेत. दगडावरचं कोरीवकाम हात न लावता जवळून बघा. शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलं इथे धावतपळत एक चक्कर मारून निघून जातात. तुमच्या मुलांना मात्र जरा थांबवा आणि सांगा की मुंबईच्या इंग्रजांना ज्या माणसाने आयुष्यभर समुद्रावर सुखाने झोपू दिलं नाही, तो हा.

आंग्र्यांचं संस्थान 1840 मध्ये कंपनी सरकारने दत्तक नाकारून खालसा केलं. 1869 मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला, 1981 मध्ये त्याचं नाव रायगड झालं, आणि अलिबाग आजतागायत जिल्ह्याचं ठिकाण राहिलं. म्हणून या गावाला दोन अंगं आहेत. एक आंग्रेकालीन आळ्यांचं आणि देवळांचं, दुसरं कचेऱ्यांचं. सोमवार ते शुक्रवार कोर्टाच्या तारखेला आणि सातबाराच्या कामाला जिल्हाभरची माणसं इथे येतात, शुक्रवारी संध्याकाळी ती निघून जातात आणि तुम्ही येता. माझ्या मते दोन्ही गर्दींनी एकमेकांना एकदा भेटायला हवं. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी एखादी फेरी मधल्या वारी मारा, तेव्हाचं अलिबाग निराळंच असतं.

बाजारपेठेबद्दल फार लिहीत नाही, ती स्वतःच बोलावून घेते. फळ्यांच्या दरवाजाची दुकानं आता थोडी उरली आहेत. सकाळी एकेक फळी खोबणीतून काढून भिंतीशी उभी करायची आणि रात्री त्याच क्रमाने परत बसवायची. फळ्यांवर आकडे घातलेले असतात, कारण सातवी फळी पाचवीच्या जागी बसत नाही. तिथून सुकट, सोडे, बोंबील घ्या, आणि उन्हाळ्यात आलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूच्या शेतांतला हा कांदा चवीला गोडसर, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. माळ विकणाऱ्या बाईला ती कशी गुंफतात ते विचारा. पात न कापता सुकवायची आणि तिच्याच आधाराने एकात एक कांदे गुंफत न्यायचे. रस्त्याच्या कडेला चालू गाडीतून भाव करून माळ घेतलेल्याला हे कळत नाही.

ब्राह्मण आळीतून जाताना जोती बघा. घरं रस्त्यापासून चांगली उंच आहेत, कारण इथला पाऊस. पुढे ओटी, तिच्यावर झोपाळा, आत माजघर, मागे पडवी, विहीर, आणि जागा असेल तिथे चार पोफळी, दोन नारळी. आमच्या शेजारच्या घराचा उंबरठा मधोमध इतका झिजला आहे की पावसाचं पाणी तिथे साठतं. किती पिढ्यांनी पाय ठेवला असेल तेव्हा सागवान झिजलं. त्या घरच्या आजी अजून सणाला त्याच खळग्याच्या दोन्ही बाजूंनी रांगोळीची बोटं ओढतात. हे घर कुठल्याही यादीत नाही, त्याचा शिल्पकार कोणाला ठाऊक नाही. पण मला विचाराल तर अलिबागमधल्या बघण्यासारख्या गोष्टींत मी त्याला हिराकोटाच्या बरोबरीने धरते.

आता इस्रायल आळीकडे या. इथे मात्र सावकाश चला.

बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा अशी सांगते की त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. नवगाव इथून उत्तरेला, अगदी जवळ. तिथे त्यांचं जुनं दफनस्थान आहे आणि स्मारकही आहे. ही मंडळी अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या किनारपट्टीतल्या, गावागावांत वसली, त्या गावांची नावं लावून नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर झाली. त्यांनी घाण्याचा धंदा धरला, मराठी बोलली, नऊवारी नेसली. फक्त शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही. गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं आणि शनिवारचा तो नेम पाळू दिला. जगात ज्यू माणसाला कुठे कुठे काय काय सोसावं लागलं ते आपण वाचतो. या किनाऱ्यावर त्यांना कोणी तसा त्रास दिला नाही. या गावच्या अभिमानाच्या गोष्टी कोणी विचारल्या तर मी आरमाराबरोबर हीसुद्धा सांगते.

आळीतलं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर 1848 चं, आजची इमारत 1910 मध्ये नव्याने बांधलेली. मधोमध धर्मग्रंथ वाचायचा चौथरा, आणि पोथ्या ठेवायची जागा जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. 1948 मध्ये इस्रायल झाल्यावर आळीतली घरं एकामागून एक रिकामी झाली. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत आता या किहीमकर-पेणकरांची नातवंडं-पतवंडं आहेत. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवलं. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं ताट तिकडेही मांडतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. आणि अलिबागला आलेला बेने इस्रायल पाहुणा जवळच्या खंडाळ्याला, जिथून एलियाहूचा रथ आकाशात गेला असं ते मानतात, तिथल्या खडकाला नमस्कार करून येतो. मलिद्याच्या ताटातले पोहे आपल्या रायगडातलेच, हे कळल्यावर त्या परंपरेचं वेगळेपण कमी होत नाही, जवळीक तेवढी वाढते.

आळीत आज त्यांची घरं मोजकी उरली आहेत. म्हणून कळकळीने सांगते: प्रार्थनामंदिर हे पूजेचं स्थान आहे. आत जायचं असेल तर आधी विचारा, डोकं झाका, आणि शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा पवित्र दिवस, असतो तेव्हा कॅमेरा घेऊन जाऊ नका. तुमची सहल शनिवारचीच असते हे मला माहीत आहे, तर ही आळी रविवारसाठी ठेवा.

समुद्राच्या बाजूला आणखी एक आवार आहे, ज्याच्या भिंतीशेजारून हजारो माणसं पुळणीवर जातात आणि आत काय आहे याची चौकशीही करत नाहीत. ती चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईच्या कुलाब्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होती. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या उपकरणांनी टिपलं होतं, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नोंद काढून बघतात. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागची. 1904 मध्ये इथे काम सुरू झालं. जुन्या नोंदींशी नव्या नोंदी ताडून बघता याव्यात म्हणून दोन वर्षं दोन्ही ठिकाणी वेध घेतले, आणि 1906 मध्ये मुंबईचं काम थांबवलं. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड पारखून आणला, बिजागऱ्या-खिळे पितळ-तांब्याचे, लोखंड नावाला नाही. तेव्हापासून नोंदीचा धागा तुटलेला नाही. एवढी लांब आणि अखंड नोंद जगात फार थोड्या जागी आहे.

आत जायला आधी परवानगी लागते आणि ते बरोबरच आहे, कारण खिशातल्या किल्लीचाही तिथे उपद्रव. पण कुंपणाबाहेर उभं राहून मुलाबाळांना हे सांगता तर येतं. विजेची ट्राम मुंबईत येऊन गेली, बंदही पडली. तिच्यामुळे इथे आलेली वेधशाळा मात्र अजून रोज पृथ्वीचं चुंबकत्व मोजते आहे.

आता थोडं वागण्याबद्दल. हे गाव राहतं गाव आहे. ओटीवर कोणी पेपर वाचत बसलं असेल, कोणी उन्हात कोकमं घातली असतील, कोणाच्या अंगणात न्हाणं चालू असेल. दारातून आत डोकावून फोटो काढू नका. विचाराल तर आमच्याकडे नाही म्हणणारं माणूस विरळा, बहुधा घरातलंच कोणी उठून दिवा लावून देईल आणि वर सरबतही विचारेल. पणजीच्या फाँतेन्यात काय झालं ते सर्वांना दिसतं आहे. रंगीत भिंती आणि नक्षीचे सज्जे म्हणून त्या वस्तीचं नाव झालं, आणि मग तिथल्या माणसांना स्वतःच्या पायरीवर बसणं नकोसं झालं. लोकांना फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. पाहुण्यांनीच मनावर घेतलं तर अलिबागला ती वेळ येणार नाही.

आणि एक विषय, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी या तालुक्यात जागा घेतल्या आहेत, बंगले बांधले आहेत, अजून बांधाल. बंगल्याला जुनेपणा यावा म्हणून जुन्या वाड्यांचे खांब, तुळया, दरवाजे, गजाच्या खिडक्या विकत घेतात. दिसायला ते देखणं असतं, यात शंका नाही. पण तो खांब कुठून येतो? कोणाच्या तरी माजघरातून येतो. घरात वाटण्या झालेल्या, भावंडं मुंबईला, कौलं दर वर्षी शाकारायला माणूस मिळत नाही, वाळवी लागायला लागली आहे, अशा वेळी लाकडाचा व्यापारी दारात येतो आणि एकरकमी पैसे मोजतो. लाकूड गेलं की भिंती पाडणं सोपं. पावसाळा संपता संपता तिथे सिमेंटचे कॉलम उभे राहतात. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर गळतं त्याला वारशाचं प्रवचन देणं मला जमणार नाही. माझं मागणं घेणाऱ्याकडे आहे. खांब घेऊ नका, घर घ्या. जुन्या गावातलं एखादं कौलारू घर विकायला निघालं असेल तर ते उभं असताना घ्या, डागडुजी करा, राहा, नाहीतर भाड्याने द्या. समुद्र इथूनही तेवढाच जवळ आहे. शेतजमिनीत भर घालून नवं घर बांधण्यापेक्षा यात गावाचं भलं आहे. आणि घर घेणं परवडत नसेल, बहुतेकांना परवडणार नाहीच, तर निदान राहायला जुन्या गावातल्या घरगुती खोल्या शोधा. चार रात्रींचं भाडं येतं हे दिसलं की मालक पुढच्या मे महिन्यात कौलं शाकारून घेतो. घर वाचवायला इथे एवढीच मिळकत पुरते, आणि ती तुमच्या हातात आहे.

जेवणाचंही तसंच. रिसॉर्टमधलं पनीर कुठेही मिळतं. इथल्या खानावळीत बसा, वालाचं बिरडं मागा, तांदळाची भाकरी आणि ओल्या जवळ्याची चटणी मागा. थंडीत आलात तर पोपटीची चौकशी करा. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा मडक्यात रचून ते उलटं करून जाळात लावतात, तिची वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा आग्रह धरू नका. त्या दिवसांत सुकं खाणं हीच इथली रीत.

ज्यांचे आजी-आजोबा अलिबागचे होते आणि जे आता मुंबई-पुण्यातून पाहुणे म्हणून येतात, त्यांना एक वेगळं सांगणं आहे. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत लग्नाचे फोटो, घराचे कागद, मोडीतली पत्रं असतील. फोटोत माणसांच्या मागे आळी दिसते, दुकानाची पाटी दिसते. त्याची एक प्रत इथल्या वाचनालयात आणून द्या. पाडलेल्या घरांची आठवण आता तुमच्याच पेट्यांत आहे.

गावाच्या कारभाऱ्यांनाही याच पत्रातून विनंती करते, कारण पाहुणे आले तर त्यांना चालता आलं पाहिजे. प्रत्येक आळीच्या तोंडाशी तिचं नाव आणि दोन ओळींची माहिती मराठीत लिहिलेली पाटी हवी. समाधीपासून हिराकोटापर्यंत सावलीची पायवाट आणि बसायला दोन-चार जागा हव्यात. रविवारी सकाळी सात ते दहा एखादी आळी गाड्यांना बंद ठेवून बघावी. त्याला मोठा निधी लागत नाही, आणि आळीतल्या पोरांना खेळायलाही मिळेल.

शेवटी किल्ल्याचं, कारण तुम्ही तिथे जाणारच, आणि जावंच. आतला गोड्या पाण्याचा तलाव, रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा, तटाचे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले दगड, ज्यांच्या फटींत लाटेचा जोर विरतो, हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण भरती-ओहोटी बघून जा. माझ्या सासूबाई कालनिर्णयावर तिथी बघून तोंडी हिशोब करत, तो तुम्हालाही देते. तिथीची पाऊणपट काढायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाच्या आसपास, ओहोटी. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला चतुर्थीला निघणाऱ्याला म्हणूनच सकाळ बरी पडते. अष्टमीला भरती सकाळी सहा, ओहोटी दुपारी बारा. पण तो भांगाचा दिवस, पाणी पुरतं ओसरत नाही, चालत जाता येईलच असं नाही. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी लांबवर आत जातं आणि परत येतं तेही झपाट्याने. हा अंदाज झाला. नक्की वेळ घोडागाडीवाल्याला किंवा किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा आणि तो परत फिरा म्हणाला की फोटो टाकून फिरा. दर काही दिवसांनी कोणी ना कोणी किल्ल्यावर अडकतं, आणि त्यांना आणायला इथल्याच पोरांना पाण्यात उतरावं लागतं. पावसाळ्यात तर जाऊच नका.

ओहोटी सकाळची असेल तर आधी किल्ला करा आणि उन्हाच्या वेळी आळ्यांच्या सावलीत या. दुपारची असेल तर उलट. गाडी रिसॉर्टवर ठेवा, एस.टी. किंवा रिक्षा करा, स्टँडवर उतरा. तिथून कोणालाही आंग्र्यांची समाधी विचारा, पहिल्या माणसालाच माहीत असेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुन्या गावातली एक अलिबागकर